भिंतीपलीकडची बन्नी

आमच्या घराला विरोध करण्यासाठी जी पहिली सभा भरली, तिच्या जेवणाच्या भाकऱ्या माझ्या आईनेच केल्या होत्या.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं लिहिताना माझा हात अडखळणार आहे. ज्यांच्याबद्दल लिहायचं, त्यांच्यातल्या एकांनी मला पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, पुस्तकं दिली होती आणि एका बाईंनी थंडीत स्वेटर दिला होता. अशा लोकांबद्दल वाईट लिहावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. पण चांगलंच लिहायचं म्हटलं तर खोटं लिहावं लागेल.

आम्ही मूळचे अळणावरजवळच्या खेड्यातले. अप्पा अळणावरला लाकूड कापायच्या गिरणीत कामाला आहेत आणि रविवारी आमच्याकडे येतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मला कॉलेजला जायचं होतं म्हणून आई मला घेऊन धारवाडला आली. कॉलनीतल्या वकीलकाकांच्या घरामागे पत्र्याची शेड होती. पूर्वी तिथे त्यांची स्कूटर असायची, मग आम्ही राहायला लागलो. शेडच्या तोंडाशी आईची चूल. पहाटेपासून ती ज्वारीच्या भाकऱ्या थापायची, पातळ, कडक, बोटाने मोडल्या तर टक्क आवाज येणाऱ्या, आणि मी कॉलेजला जायच्या आधी फडक्यात बांधून घरोघरी पोचवायची. कॉलनी शिक्षकांची, वकिलांची, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांची. बहुतेक आपलीच मराठी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या इथली. मुलं बेंगळूरला, पुण्याला, अमेरिकेत. घरात दोन म्हातारी माणसं आणि आईच्या चार भाकऱ्या.

वकीलकाका भाडं नाममात्र घेत. पण त्यांचा मुलगा बेंगळूरहून परत येणार होता, आणि तो आला की शेड पाडून तिथे गाडीची जागा करायची होती. तो दर वर्षी येणार असायचा. शेड गेली की चूल गेली, आणि चूल गेली की आम्ही गावाकडे आणि माझं कॉलेज संपलं, हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. त्यावर आम्ही बोलत नसू.

अशात कॉलनीच्या मागच्या मोकळ्या मैदानावर सरकारी घरांचा प्लॅन आला. ज्यांना स्वतःचं घर नाही त्यांच्यासाठी बैठ्या घरांच्या ओळी. एक खोली, स्वयंपाकघर, आणि मागे चूल मांडता येईल एवढं परसू. आईने अर्ज केला होता आणि तो पात्रही ठरला होता. आता फक्त प्लॅन मंजूर व्हायचा होता. त्याच्याआधी आसपासच्या रहिवाशांच्या हरकती ऐकायच्या होत्या.

हरकतींसाठी कॉलनीची सभा मारुतीच्या देवळाच्या हॉलमध्ये भरली. रविवार होता, म्हणून जेवण ठेवलं होतं. भाकरी, भरली वांगी, झुणका, शेंगाचटणी, ताक. सगळं आईकडून. आई वाढत होती आणि मी ताक देत होते.

वकीलकाका अध्यक्ष. ते उभे राहून म्हणाले, "आपला विरोध गरिबांना नाही. हे पहिल्यांदा लिहून घ्या. गरिबांबद्दल आपल्याला कळकळच आहे. विरोध जागेला आहे."

"मग जागा कुठली सुचवायची?" निवृत्त हेडमास्तरांनी विचारलं.

"कलघटगी रोडला आहे की भरपूर. हवा काय सुंदर आहे तिथली."

मागून बँकेतले काका म्हणाले, "एवढी सुंदर आहे तर तुम्ही का जात नाही ओ?"

हॉलमध्ये हशा झाला. वकीलकाकाही हसले. "मला गुडघ्यांचा त्रास आहे," ते म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

मुद्दे पुष्कळ होते. ते लोक कपडे बाहेर वाळत घालतील. पोरं आपल्या बागेत येतील. गणपतीला मोठ्याने स्पीकर लावतील. हा मुद्दा मांडणाऱ्यांच्याच अंगणात कॉलनीच्या गणपतीचे दोन स्पीकर वर्षभर प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलेले असतात. पण ते मांडताना त्यांचा आवाज एवढा दुखावलेला होता, की मलाच क्षणभर वाटलं, यांना खरंच कुणी त्रास दिला असेल.

वकीलकाकू आईच्या समोरच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझं एवढंच म्हणणं आहे बाई, तसले लोक आले की घराला नुसतं कुलूप लावून कुठं जाता येणार नाही." मग पान पुढे सरकवून म्हणाल्या, "अजून एक वाढ गं. कडक बघून दे."

आईने टोपलीतली सगळ्यात कडक निवडून वाढली. काकूंच्या घराची दुसरी किल्ली तेव्हा आमच्या शेडमध्ये खिळ्याला लटकत होती. त्या पुण्याला मुलीकडे गेल्या की त्यांच्या तुळशीला पाणी आईच घालायची.

त्या दिवशी मी आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं तिला राग येईल, निदान वाईट वाटेल. ती फक्त वांग्याचा रस्सा पुरतोय का ते बघत होती.

दुसऱ्या सभेत, तिलाही जेवण आमच्याकडचंच होतं, हरकत कुठल्या भाषेत लिहायची यावर वाद झाला. कन्नडात लिहायला हवी हे सगळ्यांना मान्य होतं. प्रत्येक जण म्हणत होता, माझं कन्नड अगदी इथल्या माणसासारखं आहे, आणि बोलण्यापुरतं ते खरंही होतं. पण कागद पुढे आला की तो हातोहात फिरून पुन्हा वकीलकाकांकडेच यायचा. जन्मभर भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, शिपायाशी कन्नड बोललेली ही माणसं. साहेबाला लिहायचं कन्नड त्यांच्याकडे नव्हतं. शेवटी हरकत इंग्रजीत लिहिली गेली. तिच्यात सौंदर्य, वारसा आणि शांतता हे शब्द पुन्हा पुन्हा होते. बँकेतले काका ती वाचून म्हणाले, "छान आहे. पण हे वाचून ते घरं थांबवतील असं वाटत नाही. पर्यटन खातं खूश होईल."

मग हेडमास्तरांना बन्नी आठवली.

मैदानाच्या साधारण मध्यावर बन्नीचं, म्हणजे शमीचं, जुनं झाड आहे. दसऱ्याच्या संध्याकाळी सगळी कॉलनी नवे कपडे घालून तिथे जाते, पूजा करते, पानं तोडते, आणि मग घरोघरी जाऊन थोरांच्या हातावर ती पानं ठेवून पाया पडते. महाराष्ट्रात आपट्याची पानं सोनं म्हणून देतात म्हणे. आमच्याकडे बन्नी. "बन्नी तोगोंडु बंगारदंग इरोण," असं मराठी घरातही कन्नडातच म्हणतात. बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. वर्षभर ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांनाही त्या दिवशी बन्नी द्यायची आणि भांडण मिटवायचं, अशी रीत आहे.

उरलेलं वर्षभर त्या झाडाकडे कोणी फिरकत नाही. म्हणजे फिरकतात, पण संध्याकाळी, हातात पिशवी घेऊन. काच फुटलेली देवांची तसबीर, नाक गेलेला मातीचा गणपती, मागच्या वर्षीचं कॅलेंडर, असं जे कचऱ्यात टाकायला मन घेत नाही ते बन्नीच्या बुडाशी आणून ठेवतात आणि मागे न बघता परत जातात. मी त्या वाटेने कॉलेजला जायची. झाडाखाली फुटक्या काचेआडून कितीतरी देव माझ्याकडे बघत असायचे.

"या झाडाला हात लावणं म्हणजे आपल्या श्रद्धेला हात लावणं," हेडमास्तर म्हणाले. हॉलमध्ये एकदम चैतन्य आलं. दोन सभांत पहिल्यांदाच सगळ्यांना मनापासून पटेल असं कारण सापडलं होतं.

घरांच्या योजनेचे साहेब जागा बघायला येणार, त्यांच्यासमोर कुणीतरी शुद्ध कन्नडात बोलायला हवं, असं ठरलं. वकीलकाकांनी माझ्याकडे बोट केलं. "ही बोलेल. कॉलेजात कन्नडला पहिली येते."

मी ताकाचं भांडं खाली ठेवलं. म्हणाले, "काका, पण त्या घरांसाठी आम्ही पण..."

"अगं, तू तसल्यात येत नाहीस," काका प्रेमाने म्हणाले. "तू आमची. कॉलनीची मुलगी आहेस तू."

खरं सांगायचं तर मला ते ऐकून बरं वाटलं. दोन दिवस बरं वाटत राहिलं. मग एकदम कळलं की मला बाजूला काढलं, तेव्हा आईला तिथेच ठेवलं होतं.

आई पीठ मळत होती तेव्हा मी तिला विचारलं, काय करू. तिने काटवटीतून मान वर केली नाही.

"बोल की," ती म्हणाली. "जे हाय ते बोल. खोटं बोलू नको, आनि जास्त बी बोलू नको."

"काकांनी शेड काढून घेतली तर?"

"घेतली तर घेतली. पाणी दे जरा, पीठ घट्ट झालंय."

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी कॉलनीतले पुरुष बन्नीखाली जमले. सगळ्या फुटक्या तसबिरी, गणपती, कॅलेंडरं पोत्यांत भरून दुसरीकडे नेली. कुठे नेली ते मी विचारलं नाही. बुंध्याला चुना लावला, हळदकुंकू वाहिलं, नवा हार घातला. काकूंनी समई आणली. झाड इतकं स्वच्छ आणि नवंनवं दिसायला लागलं की ओळखू येईना.

साहेब आले. मध्यमवयाचे, बारीक, घाईत असलेले. झाडाजवळ येताच त्यांनी बूट काढले, हात जोडले, डोळे मिटून उभे राहिले. कॉलनीतल्या कुणाच्याच पायातून चपला निघाल्या नव्हत्या. त्या आता घाईघाईने निघाल्या. वकीलकाकांचा एक पाय सँडलच्या पट्ट्यात अडकला, त्यांना बँकेतल्या काकांचा खांदा धरावा लागला.

पुढचं बोलणं कन्नडात झालं. हेडमास्तर झाडाबद्दल सांगत होते आणि साहेब मान हलवत ऐकत होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "पण झाड काढायचं कुणी म्हटलंय? प्लॅनमध्ये झाड आहे. भोवती कट्टा बांधून देणार आहोत. घरं दोन्ही बाजूंनी."

समईतली वात वाऱ्याने हलत होती. ज्या झाडासाठी सगळे इतके गहिवरले होते ते वाचलं होतं, आणि एकाच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता. मी अशी निराश भक्तमंडळी पूर्वी पाहिली नव्हती.

"आणखी हरकत?" साहेबांनी विचारलं.

वकीलकाकांनी मला पाठीला हात लावून पुढे केलं. "सांग गं."

साहेब माझ्याकडे वळले. "तुमचं घर कुठलं?"

मी म्हणाले, "आम्हाला घर नाही सर. या काकांच्या घरामागच्या शेडमध्ये राहतो. आईने इथल्या घरासाठी अर्ज केलाय."

"मग तुमची हरकत काय आहे?"

"माझी काही नाही सर. झाडाची होती. ती आता राहिली नाही."

साहेब हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची अजून आभारी आहे. बँकेतले काका मात्र खोकल्याचं निमित्त करून झाडामागे गेले.

वकीलकाका मोठे वकील होते हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी गळा साफ केला आणि जणू हेच सांगायला सगळे जमले होते अशा आवाजात म्हणाले, "बरं. घरं व्हायची ती होऊ देत. आमची एकच मागणी आहे. मध्ये कंपाउंडची भिंत हवी. उंच. त्यांची पण सोय, आमची पण."

"भिंत कुठून न्यायची?"

"आमच्या मागच्या कुंपणाला लागून. आमच्या बाजूला त्यांचं काही यायला नको."

"वर काचा लावा," काकू म्हणाल्या.

साहेबांनी लगेच मान्य केलं. भिंत त्यांना स्वस्तात पडत असावी. सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले. संध्याकाळी हेडमास्तरांनी पेढे वाटले. आमच्या शेडमध्ये पेढा आला नाही.

त्याऐवजी काका आले. दारात उभे राहून आईला म्हणाले, "मुलगी शिकली, बोलायला लागली. चांगलं आहे. दसऱ्यानंतर शेड लागेल मला."

आई म्हणाली, "बरं काका."

पुढचे चार-सहा दिवस बऱ्याच घरांनी भाकऱ्या घेतल्या नाहीत. मी कॉलेजमध्ये बसायची आणि मला फक्त अळणावरचं स्टेशन दिसायचं. मग काकूंच्या मुलीकडची मंडळी पुण्याहून आली. त्यांना धारवाडची कडक भाकरी हवी होती. काकू स्वतः शेडपर्यंत आल्या. "तुला एवढं मुलीसारखं मानलं गं," त्या मला म्हणाल्या आणि आईकडे वळून, "वीस दे. पातळ कर." त्यानंतर शेडचा विषय निघाला नाही. तो आमच्यावरच्या मायेने निघाला नाही असं मानायला मी तयार होते. पण पाहुण्यांना आईच्या भाकऱ्या लागत होत्या ते दिवस मी विसरले नाही.

भिंत घरांच्या आधी झाली. कॉलनीतले निवृत्त लोक रोज सकाळी खुर्च्या टाकून गवंड्याच्या कामावर देखरेख करायला बसत. काचा बसवताना वकीलकाका सांगत होते, टोक वर येऊ दे, हिरवी बाटली फोड, ती जाड असते.

आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सगळी कॉलनी हळदकुंकवाची तबकं घेऊन मागच्या बाजूला आली आणि भिंतीसमोर उभी राहिली.

मला वाटतं, तोपर्यंत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. इतकी शिकलेली माणसं. त्यांनी जागा पाहिली होती, रेषा स्वतः आखून घेतली होती, पाया खणताना जवळ बसून होते. सगळा वेळ त्यांनी फक्त पलीकडचे लोक इकडे येणार नाहीत एवढंच बघितलं होतं. आपल्यालाही कधी पलीकडे जावं लागेल, हे त्यांना सुचलं नाही. बन्नीचा शेंडा भिंतीवरून दिसत होता. हेडमास्तरांनी तिथूनच त्याला नमस्कार केला.

त्या वर्षी बन्नी सुभाष रोडवरून विकत आणली. पूजा भिंतीलाच केली. हळदीकुंकवाचे डाग नंतर पावसाने धुऊन गेले. एक लहान दार ठेवा, किल्ली आमच्याकडे राहील, असा अर्ज ऑफिसला गेला. या वेळी तो कन्नडात होता, कुणाकडून लिहून घेतला माहीत नाही. उत्तर आलं नाही.

घरं व्हायला वेळ लागला, पण झाली. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना आम्हाला चावी मिळाली. बन्नीपासून तिसरं घर. अप्पांनी अळणावरहून लाकडाची चौकट आणून परसात छप्पर घातलं आणि आईने चूल मांडली. शेड पाडली नाही, गाडीही आली नाही. काकांचा मुलगा अजून यायचाच आहे.

मागच्या दसऱ्याला कॉलनी पुन्हा बन्नीकडे आली. विकतची बन्नी बहुतेकांना पटली नव्हती. भिंतीला वळसा घालून, मेन रोडला जाऊन, आमच्या वसाहतीच्या कमानीतून आत. रेशमी साड्या, इस्त्रीचे सदरे, गुडघ्यांचा त्रास. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्यांखालून मान वाकवून सगळे झाडापर्यंत आले. झाडाखाली आता कट्टा आहे आणि फुटकी तसबीर एकही नाही. आमच्याकडे देव फुटला तरी घरातच ठेवतात, निदान कोणी टोकेपर्यंत.

पूजा झाली. परत जाताना काकू आमच्या दाराशी थांबल्या. आईने पाया पडून त्यांना बन्नी दिली, काकांना दिली. काकूंनी आईच्या हातावर पानं ठेवली. भांडण मिटवायची रीत पाळली गेली. आमच्यात भांडण झालं होतं, हे मात्र कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

"आत या की," आई म्हणाली. "बसा."

काकूंनी दारातूनच खोली पाहिली. "छान आहे गं. हवा येते. पण उशीर होतोय, लांब जायचंय." मग जरा थांबून, "भाकऱ्या तेवढ्या बंद केल्यास बघ तू."

"बंद कुठं केल्या? चूल पेटतीय की रोज," आई म्हणाली. "एवढा वळसा घालून यायला मला जमंना. या, घेऊन जावा."

आता ते येतात. सकाळी आठ वाजले की डबे घेऊन तिघे-चौघे आमच्या परसात उभे असतात. कधी हेडमास्तर, कधी बँकेतले काका, आणि वकीलकाका रोज. आई कुणाच्याही आधी कुणाला देत नाही. जो आधी आला त्याला आधी. मी माझ्या पुस्तकातून त्यांचं बोलणं ऐकते. हेडमास्तर म्हणतात, कुणी ओ एवढी लांब भिंत घातली. बँकेतले काका म्हणतात, आपणच की.

परवा वकीलकाका गुडघे धरून आमच्या चुलीपाशी बसले होते. आमच्या परसातून त्यांच्या घराची गच्ची दिसते, हाक मारली तर ऐकू जाईल एवढी जवळ. ते आईला म्हणाले, "एक करता येईल का गं? मी तिकडून स्टुलावर उभा राहतो. तू फडक्यात बांधून भिंतीवरून दे."

आईने तव्यावरची भाकरी उलटली, कडेने दाबली, आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "दिल्या असत्या काका. पर वर काचा हायत की."